कन्हानच्या वाळूतली गाडी

गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, एका टायरला चपलेच्या टोकानं टोचून पाहिलं आणि विचारलं, "चारही चाकं जोर लावते म्हणतं तू. मंग बाकी गाड्यायचे दोन चाकं काय फुकट फिरते का?"

"फुकटच फिरतात, बाबा. दोन ओढतात, दोन सोबतीला असतात."

"मंग आपल्याले चार कायले पाह्यजे?"

तशी गरज नव्हतीच. मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कापडाचा रंग तपासायचं काम करते. रोज वर्धा रोडनं जायचं आणि त्याच रोडनं परत यायचं. त्या रस्त्यावर दोन चाकांनी ओढणारी गाडीसुद्धा डोळे मिटून चालते. मला ती गाडी आवडली होती, एवढंच. उंच होती, दणकट होती आणि मोठ्या गिअरच्या बाजूला तिला आणखी एक छोटा दांडा होता. तो पुढं ढकलला की चारही चाकं ओढायला लागतात, आणि त्याच्याही पुढं नेला की गाडी बैलासारखी हळू पण भयंकर ताकदीनं चालते, असं मला विकणाऱ्यानं सांगितलं होतं. नव्या मालकांना शहराबाहेरच्या एका मैदानावर नेऊन एक सकाळ शिकवणीही दिली होती. चिखल, चढ, उतार, वाळू. वाळू म्हणजे कुणीतरी एक ट्रक रिकामा करून पसरवलेली. मी सगळं मन लावून ऐकलं, पोहे खाल्ले आणि घरी येऊन विसरले.

बाबांनी आयुष्यभर लाल बस चालवली. उमरेड, काटोल, रामटेक, भंडारा, सगळे रस्ते त्यांना तळहातासारखे पाठ. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता स्टिअरिंगला हात लावणार नाही, बाजूला बसून खिडकीतून बाहेर पाहणार. ते बाजूला बसायचे खरे, पण खिडकीतून बाहेर पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. नजर समोर, आणि उजवा पाय पायाखालच्या मॅटवर दाबलेला, जसा काही तिथंही एक ब्रेक आहे.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मौद्याकडे, कन्हानच्या काठावर तिचं गाव. उन्हाळ्यात नदी एका कडेनं अंग चोरून वाहते आणि बाकीचं रुंद पात्र नुसती पांढरी वाळू होऊन पडतं. त्या वाळूत आत्या आणि गावातल्या आणखी चार-पाच बाया दरवर्षी टरबूज आणि डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी लावतात. हिवाळ्यात वाळूत खड्डे करायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टोचायचं आणि मग रोज नदीचं पाणी घागरीनं आणून वेलांना पाजायचं. मे महिन्यापर्यंत वाळूवर हिरवी जाळी पसरते आणि तिच्यात टरबुजं अशी बसलेली असतात, जशी कोंबडी अंड्यांवर.

मी फोन स्पीकरवर ठेवला.

"दादा," आत्या म्हणाली, "आज संध्याकाळी वरून धरणाचं पाणी सोडून राहिले. सरपंचानं सकाळीच सांगून पाठवलं. वाडीत शेवटचा माल पडला हाय, अन् ट्रॅक्टरवाला वरात घेऊन पवनीले गेला."

"मंग डोक्यावर आणा," बाबा म्हणाले.

"डोक्यावर किती आणशीन दादा? वाडी पार तिकडच्या धारेजवळ हाय. वाळू तापली का पाय ठेववत नाही. तुह्या पोरीची गाडी हाय न, चार चाकांची?"

"सगळ्याच गाड्या चार चाकांच्या असते वं."

"चारही ओढते म्हणे! टीव्हीत त्या गाड्या वाळूत कशा उड्या मारते, पाह्यलं नाही का तू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोपर्यंत किल्ली घेऊन उभी होते. खरं सांगायचं तर इतकी खुशी मला गाडी घेतली त्या दिवशीही झाली नव्हती.

गावाच्या कडेला नदीत उतरायची एक वाट आहे, ट्रॅक्टरनं पाडलेली. तिथं बाभळीखाली आत्या उभीच होती. आत्या साठीच्या पुढची, ठेंगणी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या माणसानं वळून पाहावं. तिनं बाबांना मागं बसायला लावलं आणि स्वतः पुढं बसली. "रस्ता मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

समोर रस्ता नावाचं काही नव्हतं. काठाखाली पांढरंशुभ्र पात्र पसरलं होतं, त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या खुणा, आणि पार पलीकडे, पाण्याच्या निळ्या पट्टीजवळ, वाडीचा हिरवा तुकडा. तिथं साड्यांचे ठिपके हलत होते.

मी छोटा दांडा पुढं ढकलला. समोरच्या काचेखाली चार चाकांचं चित्र उमटलं. माझी छाती फुगली. आम्ही उतारावरून वाळूत उतरलो, आणि थोडं अंतर इतकं छान गेलो की मला वाटलं, यात शिकण्यासारखं काही नाहीच.

"आता ट्रॅक्टरची वाट सोड," आत्यानं हात केला. "इकडून घे. इथं वाळू घट्ट हाय, मी रोज चालतो."

मी इकडून घेतलं. वाळू आत्यासाठी घट्ट होती. गाडी आत्यापेक्षा पुष्कळ जड होती. आधी स्टिअरिंग हलकं झालं, मग वेग आपोआप कमी होऊ लागला, कुणीतरी मागून पदर धरल्यासारखा.

"रेस दे!" मागून बाबा ओरडले. "रेस दे, रेस दे!"

मी रेस दिली. पुढच्या पट्टीवर एक पिवळा दिवा घाईघाईनं लुकलुकू लागला, इंजिनचा आवाज मोठा व्हायच्या ऐवजी घुसमटला आणि गाडी जागच्या जागी खाली बसायला लागली. मी आणखी दाबलं, ती आणखी बसली. शेवटी मी सोडून दिलं. दार उघडलं तर वाळू पायरीला टेकली होती.

आत्यानं दारातून वाकून वाळूकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तर रोज इथूनच जातो बापा," आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मागं बाबाही हसत होते. मी उतरून चाकांकडे पाहिलं. चारही चाकांनी आपापले खड्डे इमानदारीनं खणले होते. एकही कामचुकार नव्हतं. मलाही हसू आलं.

त्या उन्हात, वाळूत गुडघे टेकून बसल्यावर मला मैदानावरची शिकवणी एकेक करून आठवायला लागली. अर्थात उलट्या क्रमानं. शेवटी सांगितलेलं आधी.

पहिलं आठवलं ते हे, की चाक फिरत ठेवू नये. फिरणारं चाक वाळूत गाडी चालवत नाही, विहीर खणतं. दुसरं, तो पिवळा दिवा. ही गाडी घसरणारं चाक ओळखते, त्याला स्वतःच ब्रेक लावते आणि इंजिनचा जोर काढून घेते. पावसात ओल्या सिमेंट रोडवर त्यानं जीव वाचतो. वाळूत मात्र सगळीच चाकं थोडी थोडी घसरत असतात, म्हणून गाडी घाबरते आणि नेमका हवा तेव्हा जोर आवरते. त्यासाठी एक बटण होतं, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं. ते दाबून तिची ती काळजी बंद करायची. आणि तिसरं, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. हवा.

मी टायरच्या तोंडावरचं टोपण काढलं आणि हवा सोडायला लागले. फुस्स आवाज ऐकून आत्या धावत आली.

"अवं! हवा काहून सोडून राहिली वं? धडधाकट गाडीचा जीव घेतं का?"

"आत्या, टायर मऊ झालं की पसरतं. पसरलं की वाळूत रुतत नाही."

आत्यानं थोडा विचार केला. "उंटाच्या पायासारखं."

"अगदी तसं."

"मंग सोड," ती म्हणाली, आणि दुसऱ्या टायरपाशी जाऊन स्वतःच काडीनं हवा सोडायला बसली. बाबांना हे बघवत नव्हतं. जन्मभर त्यांनी बस बाहेर काढण्याआधी प्रत्येक टायरला हातोडी मारून हवा पूर्ण आहे की नाही ते आवाजावरून पाहिलं होतं. ते पाठ फिरवून नदीकडे तोंड करून उभे राहिले, आणि फुस्स थांबेपर्यंत वळले नाहीत.

तेवढ्यात वाडीवरच्या बाया काय झालं ते बघायला आल्या. सगळ्यांनी मिळून हातांनी चाकांमागची वाळू उकरली. त्यांनी सोबत आणलेली रिकामी पोती मागच्या चाकांमागं अंथरली. मी आत बसले, बटण दाबलं, दांडा शेवटपर्यंत नेला, तो बैलाच्या चालीचा, आणि उलटा गिअर टाकला. आलो त्याच खुणांवरून मागं जायचं, कारण ती वाळू आपणच दाबून ठेवलेली असते. हेही आठवलं, अगदी वेळेवर. क्लच सोडला. रेस अगदी नावापुरती. गाडी थरथरली, कण्हली आणि एखादी म्हातारी खाटेवरून उठते तशी हळूहळू उठली. पोत्यांवर चढली, पोती सोडली, मागं मागं जात ट्रॅक्टरच्या खुणांवर येऊन उभी राहिली.

बायांनी अशी आरोळी ठोकली की पाण्याजवळचे बगळे उडाले.

मग मी पुन्हा निघाले, या वेळी दांडा एक घर मागं घेऊन. चार चाकं, मऊ टायर, दुसरा गिअर, ना कमी ना जास्त, एकसारखी चाल. अन् काय सांगू! गाडी वाळूवर तरंगायला लागली. चाकाखाली रस्ता लागतच नव्हता. स्टिअरिंग हातात सैल, गाडी थोडी डावीकडे वाहते, थोडी उजवीकडे, तिला तिच्या मनासारखं वाहू द्यायचं आणि फक्त दिशा सांगायची. मी रोज ज्या गाडीत बसून सिग्नलच्या रांगा मोजते ती हीच का, असा मला प्रश्न पडला. मी मोठ्यानं गायला लागले असते, पण आत्यानं आधीच सुरुवात केली होती.

थांबतानाही ब्रेक दाबायचा नव्हता. ब्रेक दाबला की चाकापुढं वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. पाय काढून घ्यायचा, वाळू स्वतःच थांबवते.

वाडीवर टरबुजांचा ढीग तयार होता. मागची सीट पाडून आम्ही पोती अंथरली आणि रचायला लागलो. मोठी खाली, लहान वर, डांगरं पुढच्या सीटखाली, जिथं जागा मिळेल तिथं. खेप भरली की काठावर, बाभळीखाली रिकामी, की परत. काठावर व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन लागला होता. प्रत्येक खेपेला वाळूतली वाट थोडी दबत होती, थोडी सोपी होत होती, आणि गाडीत डांगराचा वास असा भरला होता की श्वास घेतला तरी पोट भरावं.

बाबा प्रत्येक खेपेला माझ्या बाजूला बसत होते. पहिल्या खेपेला त्यांचा पाय मॅटवर दाबलेला होता. नंतर तो सैल झाला. मग त्यांनी काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, "आता सोड... हां... आता दे," आणि मला कळलं की ते मला सांगत नाहीत, स्वतः चालवत आहेत. एका रिकाम्या खेपेत, पात्राच्या ऐन मध्यावर, ते म्हणाले, "थांबव."

मी पाय काढला. गाडी थांबली.

"उतर."

मी उतरले. ते उतरले. बोनेटला वळसा घालून आले, धोतराचा सोगा खोचून स्टिअरिंगमागं बसले, सीट पुढं घेतली, आरसे नीट केले. त्या उघड्या वाळवंटात मागून कोण येणार होतं? पण आरसे नीट केले. मी बाजूला बसून दार ओढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणत्या बाजूनं जाऊ?"

"कुठूनही जा, बाबा."

"कुठूनही?"

"इथं रस्ताच नाही."

त्यांनी समोर पाहिलं. बाबांची सगळी नोकरी डांबराच्या एका पट्टीवर झाली. अरुंद, दोन्ही बाजूंना खड्डे, समोरून ट्रक. कडा सोडली की बस उलटलीच, असं ते नव्या चालकांना सांगायचे. आता डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, वर नुसतं आभाळ. त्यांनी क्लच सोडला, इतका हळू की गाडी कधी निघाली ते कळलं नाही. दुसरा गिअर टाकला. मग त्यांनी एक मोठं, गोल, सावकाश वळण घ्यायला सुरुवात केली. वाडीकडे नाही, काठाकडे नाही, नुसतंच वळण. एक चक्कर पूर्ण झाली. दुसरी सुरू झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते, दात दिसेपर्यंत, आणि हसताना त्यांचे खांदे हलत होते.

"पाह्य," ते म्हणाले, "एकही खड्डा नाही!"

वाडीवरून आत्या हात हलवत ओरडत होती, "दादा! टरबूज इकडे हाय गा! तिकडे कायले फिरून राहिला?"

बाबांनी चक्क हॉर्न वाजवला आणि आणखी एक चक्कर मारली.

माल जवळजवळ संपला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेवटची खेप भरून झाली आणि आत्या चालकाच्या दाराशी येऊन उभी राहिली. "दादा, तू झाला, पोरगी झाली. आता मले बसव."

"तुले?" बाबा म्हणाले.

"काहून? माह्ये पाय नाही का?"

बाया हसायला लागल्या. एकीनं लगेच आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून सीटवर ठेवली, म्हणजे आत्या उंच होईल. दुसरीनं दोन पोती घडी करून पाठीमागं दिली, म्हणजे पाय पोचतील. मी दांडा पुन्हा शेवटच्या घरात नेला. त्या चालीत पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या पायी चालीनं, रेस न देता, आपली आपण चालत राहते. बाबा बाजूला बसले. मी मागं, टरबुजांच्या मधोमध.

बाबांचा आवाज एकदम वेगळा झाला. डेपोत नव्या चालकाशी बोलायचा आवाज असेल तो. मी कधी ऐकला नव्हता. "हे पाह्य बाई. डावा पाय दाब. पूर्ण. आता हा दांडा मी टाकतो. आता पाय सोड, हळू, जसं लेकराले झोळीत ठेवतं तसं. उजवा पाय कुठंच लावू नको."

आत्यानं पाय सोडला. गाडी निघाली. आत्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं जसा काही तो भरलेला हंडा आहे.

"चालून राहिली," ती कुजबुजली. मग मोठ्यानं, "दादा, चालून राहिली!" मग खिडकीतून तोंड काढून, सगळ्या नदीला ऐकू जाईल असं, "अवं पाहा वं, मी चालवून राहिली!"

बाया गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत होत्या, टाळ्या वाजवत, नवरीच्या गाडीसोबत चालावं तशा. आत्या सरळ जात होती. सरळ म्हणजे अगदी सरळ. समोर नदीची उथळ धार आली तरी सरळच.

"वळव," बाबा म्हणाले.

"कसं वळवू? सोडलं तर पडन."

"क्लच दाब."

"कोणता?"

"डावा पाय, बाई. डावा."

आत्यानं डावा पाय दाबला. गाडी पुढची दोन चाकं पाण्यात ठेवून उभी राहिली, पाणी प्यायला उतरलेल्या जनावरासारखी. पाणी घोटाभर होतं. आत्या दार उघडून थेट पाण्यातच उतरली, तोंडावर पाणी मारलं आणि बायांकडे वळून म्हणाली, "काही कठीण नाही वं. डावा पाय तेवढा ध्यानात ठेवाचा."

गाडी मागं घेऊन, ती शेवटची खेप काठावर आणून आम्ही सगळे बाभळीखाली बसलो. व्यापाऱ्याचा टेम्पो भरून निघून गेला होता. टेम्पोत न मावलेली थोडी टरबुजं आमच्यापाशी होती. मी छोटा पंप गाडीला जोडून टायरमध्ये हवा भरत होते, कारण मऊ टायरनं डांबरी रस्त्यावर जायचं नसतं. बाबा प्रत्येक टायरपाशी जाऊन चपलेचं टोक मारून आवाज ऐकत होते.

ऊन तांबूस झालं तेव्हा पाणी आलं. मला वाटलं होतं लोंढा येईल, आवाज करत. तसं काही नाही. वरच्या वळणापाशी आधी एक काळी रेघ दिसली, मग ती रुंद झाली, पुढं फेसाची किनार आणि फेसावर वाळकी पानं. पाणी वाळूत जिरत, थांबत, पुन्हा पुढं सरकत आलं. आमच्या चाकांच्या खुणांत आधी शिरलं, बाबांच्या गोल चकरा थोडा वेळ पाण्याच्या कड्यांसारख्या चमकल्या, मग सगळं एक झालं. वाडीचे वेल पाण्याखाली हलताना दिसत होते. बाया उठून पाहत होत्या, पण कुणाच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. माल काठावर आला होता, वेलांचं काम झालं होतं, आणि येत्या हिवाळ्यात नदी पुन्हा सरकून जागा करून देणार होती.

आत्यानं एक टरबूज दगडावर आपटून फोडलं आणि पहिली फोड बाबांच्या हातात दिली. लाल, गरम, उन्हानं तापलेली. रस कोपरापर्यंत ओघळत होता. ती माझ्या बाजूला येऊन बसली, एक बी दूर थुंकली आणि वाढत्या पाण्याकडे पाहत विचारलं,

"कावं पोरी, हे तुही गाडी पाण्यात किती खोल चालते?"

"नाही, आत्या," मी म्हटलं. बाबांनी मात्र खायचं थांबून माझ्याकडे पाहिलं. तेही उत्तराची वाट पाहत होते.